अड्यारची दोन मुले

चेन्नईस बदलून आलेला मराठी अधिकारी अड्यारचा विशाल वटवृक्ष पाहिल्यावाचून सहसा राहत नाही. थिऑसॉफिकल सोसायटीच्या याच आवारातून एका मोठ्या प्रश्नाचा खटला उद्भवला, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. मूल एकदा परदेशी नेले गेले, की त्याच्या ताब्याचा निवाडा कोणत्या देशाच्या न्यायासनाने करावा, हा तो प्रश्न होय.

महसूल खात्यातून निवृत्त झालेले तहसीलदार जिद्दू नारायणय्या १९०९ च्या जानेवारीत मुलांसह अड्यारला राहावयास आले. त्यांची पत्नी १९०५ मध्येच निवर्तली होती. त्यांचा मुलगा कृष्णमूर्ती हा भावी जगद्गुरूचे पात्र आहे, असे लेडबीटर यांनी ठरविले. ६ मार्च १९१० रोजी पित्याने पत्र लिहून कृष्णमूर्ती व नित्यानंद यांचे पालकत्व ॲनी बेझंट यांच्या स्वाधीन केले. १९१२ च्या आरंभी बेझंटबाईंनी मुलांना विलायतेस नेले. लेडबीटर यांचा सहवास मुलांना घडू नये, असा पित्याचा आग्रह होता. अखेर त्याने दिलेली अनुमती मागे घेतली आणि मुले परत मागितली. बाईंनी नकार दिला.

अड्यार त्या काळी चिंगलपुट जिल्ह्यात मोडत असे. म्हणून १९१२ च्या ऑक्टोबरात दावा तेथील जिल्हा न्यायालयात गुदरला गेला व पुढे मद्रास उच्च न्यायालयात वर्ग झाला. होमरूलच्या चळवळीमुळे पुढे महाराष्ट्रास परिचित झालेल्या बाईंनी आपली बाजू स्वतःच मांडली. १९१३ च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्ती बेकवेल यांनी मुले पित्यास परत द्यावीत, असा हुकूम दिला. अपिलातही तोच कायम झाला.

मे १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मात्र तो रद्द केला. त्या निर्णयाची दोन अंगे लक्षात घेण्याजोगी आहेत. पालकत्व हा पित्याकडील पवित्र विश्वस्तभार असून तो कायमचा दुसऱ्यास देऊन टाकता येत नाही, दिलेली अनुमती मागे घेता येते, हे तत्त्व पित्याच्या बाजूचे होते. परंतु १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे अज्ञान मूल जेथे सामान्यतः राहते, तेथील जिल्हा न्यायालयासच अधिकार असतो, आणि मुले तर इंग्लंडात होती. शिवाय मुलांचे हित व इच्छा यांचा विचारच झाला नव्हता. दाद मागावयाची ती इंग्लंडच्या न्यायालयात, असे ठरले. तत्त्व पित्याचे खरे ठरले आणि मुले बाईंकडे राहिली! तोवर थोरला १९ वर्षांचा झाला होता. काळ नेहमी ज्याच्या हाती मूल आहे, त्याचीच वकिली करतो.

हीच अडचण ओळखून २५ ऑक्टोबर १९८० चा हेग करार झाला. नेलेले मूल त्याच्या नित्याच्या निवासाच्या देशी त्वरेने परत पाठवावे, ताब्याचा वाद तेथे चालावा, हे त्याचे सूत्र. भारत अद्याप त्यात सामील नाही. २०१६ मध्ये विधेयकाचे मसुदे झाले; पण परदेशातील छळातून मुलासह माहेरी परतलेल्या आईस हा करार जाचक ठरेल, ही शंका बलवत्तर ठरली. ती पोकळ नव्हे. म्हणून आपली न्यायालये प्रत्येक प्रकरणी मुलाचे कल्याण सर्वोपरी मानून निर्णय देतात.

कागदावरील सहीचे मोल सरकारी चाकरास सांगावे लागत नाही. नारायणय्याही तहसीलदारच होते. सही मागे घेण्याचा हक्क त्यांना मिळाला; पण समुद्रापार गेलेली मुले त्या हक्काने परत आली नाहीत. मूल देशाबाहेर जाण्यापूर्वीच न्यायासनाचे दार ठोठावले पाहिजे, हा या खटल्याचा धडा आजही जुना झालेला नाही.