तेरा डॉलर, तेरा भाग : ‘द सिम्पसन्स’चे पहिले पर्व

अमेरिकेतील ‘फॉक्स’ वाहिनीवर १७ डिसेंबर १९८९ रोजी नाताळनिमित्त अर्ध्या तासाचे एक कार्टून दाखवण्यात आले. त्याची कथा सणासुदीच्या कार्यक्रमाला शोभणारी नव्हती. अणुवीज प्रकल्पात काम करणाऱ्या होमर सिम्पसनला त्या वर्षी बोनस मिळत नाही. घरात सणासाठी साठवलेले पैसे मुलाच्या दंडावरचे गोंदण काढून घेण्यात खर्च झालेले असतात. बोनस बुडाल्याचे बायकोला सांगण्याचे धैर्य नसल्याने होमर एका मॉलमध्ये सांताक्लॉजचा वेश चढवून मुलांना मांडीवर घेऊन बसतो. सगळी कपात होऊन त्याच्या हाती पडतात १३ डॉलर. तेही तो कुत्र्यांच्या शर्यतीवर लावतो आणि हरतो. अखेर भेट म्हणून घरी येते ते शर्यतीत सर्वांत मागे राहिलेले, मालकाने हाकलून दिलेले कुत्रे.

‘सिम्पसन्स रोस्टिंग ऑन अॅन ओपन फायर’ हा ‘द सिम्पसन्स’चा अर्ध्या तासाचा पहिला भाग. या मालिकेने मार्च २०२१मध्ये सातशे भागांचा टप्पा गाठला. एप्रिल २०१८मध्येच तिने ‘गनस्मोक’चा ६३५ भागांचा जुना विक्रम मागे टाकला होता. भारतातील शहरी प्रेक्षकांना ती ‘स्टार वर्ल्ड’मुळे परिचित झाली, मात्र तिचे पहिले पर्व अनेकांनी पाहिले ते नंतरचे भाग पाहून झाल्यावर. साहजिकच चित्रे ओबडधोबड, आवाज वेगळे आणि गती संथ, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही. तरीही डिसेंबर १९८९ ते मे १९९० या काळातील हे तेरा भाग स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहेत, कारण कार्टूनमधील माणसालाही लागते, लाज वाटते आणि पैसे कमी पडतात, हे सूत्र मालिकेला याच पर्वात सापडले.

मालिकेचा जनक मॅट ग्रेनिंग. ‘लाइफ इन हेल’ या त्याच्या चित्रपट्टीने प्रभावित झालेल्या निर्माता जेम्स ब्रुक्स याने ‘द ट्रेसी उलमन शो’साठी छोटी कार्टून करण्याकरिता त्याला बोलावले. चित्रपट्टीचे हक्क सोडावे लागतील या धास्तीने ग्रेनिंगने ऐनवेळी एक नवे कुटुंब रचले आणि त्याला आपल्याच घरातील नावे दिली, असा किस्सा सांगितला जातो. होमर आणि मार्गारेट ही त्याच्या आईवडिलांची नावे, लिसा आणि मॅगी या बहिणी. स्वतःच्या जागी त्याने ‘बार्ट’ हा मुलगा बसवला. वात्रट कार्ट्यासाठी असलेल्या ‘ब्रॅट’ या इंग्रजी शब्दातील अक्षरांची ती उलटापालट आहे. एप्रिल १९८७पासून अशी ४८ छोटी कार्टून झाली आणि मग अर्ध्या तासाच्या मालिकेचा निर्णय झाला. ग्रेनिंग आणि ब्रुक्स यांच्या जोडीला सॅम सायमन आला. लेखकांचा चमू त्याने उभारला.

ब्रुक्सचा पिंड कार्टूनवाल्याचा नव्हता. ‘द मेरी टायलर मूर शो’, ‘टॅक्सी’ या मालिका आणि १९८३चा ‘टर्म्स ऑफ एन्डिअरमेंट’ हा चित्रपट, अशी त्याची कामगिरी. हसता हसता माणसाचे दुखणे उघडे करणे ही त्याची पद्धत होती. वाहिनीने पटकथेत ढवळाढवळ करायची नाही, अशी अट त्याने करारातच घालून घेतली. संध्याकाळच्या मुख्य वेळेत कार्टून चालते हे अमेरिकेत १९६० ते १९६६ या काळात ‘द फ्लिंटस्टोन्स’ने दाखवले होते, पण त्यानंतर तसे यश कुणाला मिळाले नव्हते. ‘फॉक्स’ ही तर अवघ्या तीन वर्षांची वाहिनी.

आणि पहिल्याच घासाला खडा लागला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कथा, आवाज आणि मूळ रेखाटने लॉस एंजेलिसमध्ये (तेथील काम ‘क्लास्की चुपो’ या स्टुडिओकडे होते) आणि हजारो चित्रे काढण्या-रंगवण्याचे वेळखाऊ काम दक्षिण कोरियातील ‘एकॉम’ स्टुडिओत, अशी विभागणी होती. सर्वांत आधी तयार झालेला ‘सम एन्चांटेड ईव्हनिंग’ हा भाग १९८९मध्ये परत आला, तेव्हा तो पाहून निर्माते हादरले. पात्रांना हाडेच नसावीत अशी ती लवलवत होती. दार आपटले की दारच रबरासारखे वाकत होते. एखाद्या जुन्या धाटणीच्या कार्टूनमध्ये हे खपले असते. येथे खपणार नव्हते, कारण दार रबराचे असेल तर ते आपटणाऱ्या माणसाचा रागही रबराचा ठरतो. सुमारे ७० टक्के काम नव्याने करावे लागले. त्यापाठोपाठ येणारा ‘बार्ट द जीनियस’ही असाच निघाला असता, तर मालिका तेथेच गुंडाळण्याची वेळ आली असती. सुदैवाने त्यात किरकोळच दोष निघाले. मात्र शरद ऋतूतील मुहूर्त हुकला तो हुकलाच. निर्मितीक्रमात आठवा असलेला नाताळचा भाग सर्वांत आधी दाखवावा लागला आणि खराब झालेला पहिला भाग दुरुस्त होऊन १३ मे १९९० रोजी, सर्वांत शेवटी प्रक्षेपित झाला.

या घाईच्या खुणा पर्वभर दिसतात. मालक बर्न्सचा सहायक स्मिदर्स ‘होमर्स ओडिसी’मध्ये चक्क सावळ्या रंगाचा दिसतो, ती रंगकामातील चूक होती. होमरला आवाज देणाऱ्या डॅन कॅस्टेलानेटा याने आरंभी अभिनेता वॉल्टर मॅथॉ याच्या बोलण्याची धाटणी उचलली होती, त्यामुळे हा होमर कुरकुऱ्या, खर्जातला वाटतो. ‘देअर्स नो डिसग्रेस लाइक होम’मध्ये तर भूमिकाच उलट्यापालट्या झाल्या आहेत. मालकाच्या सहलीत मार्ज दारू पिऊन बेभान होते आणि कुटुंबाची लाज वाटणारा एकटा होमर घराचा दूरचित्रवाणी संच गहाण टाकून सगळ्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतो. उपचारात हे लोक एकमेकांना विजेचे झटके देत सुटतात, डॉक्टर हात टेकतो आणि ठरल्याप्रमाणे दुप्पट पैसे परत करतो. त्या पैशांतून नवा संच घ्यायचे ठरते! पुढील पर्वांतील होमर कुटुंबाच्या अब्रूची एवढी चिंता करताना क्वचितच दिसेल.

‘होमर्स ओडिसी’ वरवर विनोदी असला तरी पर्वातील सर्वांत काळोखी कथा त्याचीच. नोकरी गेलेला होमर कमरेला धोंडा बांधून पुलाकडे निघतो. त्याला वाचवायला कुटुंब धावते आणि भरधाव मोटारीपासून त्यांना वाचवताना त्याला जगण्याचे निमित्त सापडते : गावाची सुरक्षितता. तो एवढे आंदोलन छेडतो की अखेर बर्न्स त्याला प्रकल्पाचाच सुरक्षा निरीक्षक करून टाकतो. विरोधकाला पद देऊन गप्प करण्याची ही युक्ती मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

‘बार्ट द जीनियस’मध्ये बार्ट हुशार मुलाची उत्तरपत्रिका आपल्या नावावर खपवतो आणि बुद्धिमंतांच्या शाळेत जाऊन एकटा पडतो, मात्र याच लबाडीमुळे बाप पहिल्यांदा त्याला जवळ करतो, हा त्यातला चटका. फळ्यावर शिक्षेची वाक्ये लिहिणारा बार्ट आणि सोफ्याकडे धावणारे कुटुंब ही सुपरिचित शीर्षकदृश्ये याच भागापासून सुरू झाली. ‘मोनिंग लिसा’मध्ये आठ वर्षांच्या लिसाला कारण नसताना उदास वाटते. आई मार्ज तिला आधी, स्वतःच्या आईने शिकवले तसे, हसतमुख राहायला सांगते. हसऱ्या मुलीचा शाळेत सगळेच फायदा घेतात हे मोटारीतून दिसताच ती गाडी वळवते, लिसाला आत घेते आणि हवे तितके उदास राहा, आम्ही सोबत आहोत, असे बजावते. अल जीन आणि माइक रीस यांनी लिहिलेला हा प्रसंग पर्वाचा कळस मानावा लागेल.

त्याच्याशी बरोबरी करतो ‘लाइफ ऑन द फास्ट लेन’. होमर बायकोच्या वाढदिवसाला स्वतःचेच नाव कोरलेला बोलिंगचा चेंडू देतो. चिडलेली मार्ज खरोखरच बोलिंग शिकायला जाते आणि जाक या गोडबोल्या फ्रेंच शिक्षकात गुंतत जाते. होमरला सुगावा लागतो, पण बोलता येत नाही. तू सँडविच फार छान करतेस, एवढेच तो कसेबसे म्हणतो. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील लग्न अर्ध्या तासाच्या कार्टूनमध्ये इतक्या संयमाने मांडलेले पाहून आजही नवल वाटते. जाकचा आवाज अल्बर्ट ब्रुक्स याचा. या भागाला १९९०चा एमी पुरस्कार मिळाला.

उरलेल्यांपैकी ‘बार्ट द जनरल’, ‘होमर्स नाइट आउट’ आणि ‘द कॉल ऑफ द सिम्पसन्स’ ठीकठाक आहेत. ‘द क्रेप्स ऑफ राथ’मध्ये बार्टला फ्रान्समध्ये राबवून घेणारे दारूवाले मद्यात गोठणविरोधी द्रव मिसळतात, १९८५मध्ये ऑस्ट्रियात उघडकीस आलेल्या भेसळ प्रकरणाची छाया त्यावर आहे. ‘क्रस्टी गेट्स बस्टेड’चा दिग्दर्शक ब्रॅड बर्ड याने पुढे ‘द इन्क्रेडिबल्स’ आणि ‘रॅटाटुई’ हे चित्रपट केले.

भारतीय वाचकाने लक्षात ठेवावा असा आणखी एक भाग म्हणजे २५ फेब्रुवारी १९९०चा ‘द टेलटेल हेड’. बार्ट गावाच्या संस्थापकाच्या पुतळ्याचे डोके कापतो, ही त्याची कथा. किराणा दुकानदार अपू यात प्रथम दिसतो. त्याचे नाव सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीवरून घेतले. हेल मात्र गोऱ्या अभिनेत्याने, हँक अझारिया याने, काढलेले. दूरचित्रवाणीवर भारतीय चेहरा क्वचितच दिसण्याच्या त्या काळात शाळेत हेच हेल ऐकवून चिडवले जाणाऱ्या भारतीय वंशाच्या अमेरिकी पिढीची व्यथा हरी कोंडाबोलू याने २०१७च्या ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ या माहितीपटात मांडली. अझारियाने २०२०मध्ये ही भूमिका सोडली आणि पुढील वर्षी जाहीर माफीही मागितली.

१९९०च्या वसंतात मात्र वाद बार्टवरून होता. त्याच्या चित्राचे, अभ्यासात मागे असल्याचा अभिमान मिरवणारे टी-शर्ट काही अमेरिकी शाळांनी बंद केले. ‘फॉक्स’च्या कार्यक्रमाला देशातील पहिल्या तीस कार्यक्रमांत प्रथमच स्थान मिळाले ते याच पर्वामुळे.

सप्टेंबर २००१मध्ये हे पर्व डीव्हीडीवर आले, तेव्हा ‘सम एन्चांटेड ईव्हनिंग’ची नाकारलेली मूळ दृश्येही त्यात दिली गेली. सुधारलेला भाग आधी पाहून मग ती पाहिली, की १९८९मध्ये निर्माते का हादरले होते ते लगेच कळते.