आपला वकील आपणच : १९०८ चा टिळक-खटला

आरोपीनें आपला वकील आपणच व्हावें काय, असें विचारल्यास कोणीही व्यवहारज्ञ मनुष्य नकारच देईल. स्वतःच्या प्रकरणाकडे तटस्थपणें पाहणें कठीण, आणि कोर्टाची रीत अंगवळणीं पडलेली नसते. असें असतां जुलै १९०८ मध्यें मुंबई हायकोर्टांत लोकमान्य टिळकांनीं आपली बाजू स्वतः कां मांडली, हें आज पाहूं.

टिळक एल्एल्. बी. होते, पुण्यास त्यांनीं कायद्याचा वर्गही चालविला होता. धंदा मात्र वकिलीचा नव्हता. वकील मिळत नव्हता असेंही नाहीं. त्यांच्या जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जीना यांनीं चालविला. तो नामंजूर करणारे न्यायमूर्ति दावर हेच १८९७ च्या खटल्यांत टिळकांच्या बाजूचे बॅरिस्टर होते!

आरोप होता 'केसरी'च्या १२ मे व ९ जूनच्या लेखांवर. लेख मराठी, ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी. त्यांच्यापुढें आलें तें इंग्रजी भाषांतर. खटल्याचें मर्म येथेंच आहे. टिळकांनीं कोर्टाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी केली, कोश पुढें ठेवले, आणि मूळ शब्दाची छटा भाषांतरांत कशी बिघडते हें दाखविलें. हें काम परक्या बॅरिस्टराला साधणें अवघड होतें; शब्द कोणत्या हेतूनें योजला हें लेखकच सांगूं शके. झडतींत सांपडलेल्या एका कार्डावर स्फोटक द्रव्यांवरील पुस्तकांचीं नांवें होतीं. नव्या स्फोटक-कायद्यावर टीका लिहिण्यासाठीं तीं टिपलीं, हा खुलासाही त्यांनींच केला.

त्यांचें भाषण सुमारें २१ तास चाललें. आपले लेख अँग्लो-इंडियन पत्रांच्या लिखाणास दिलेलें उत्तर आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. इंग्लंडांतील १७९२ च्या फॉक्सच्या कायद्याचा आधार घेऊन ते ज्यूरीस सांगत राहिले कीं, लेख छापला एवढेंच पाहूं नका. हेतूचा निर्णयही तुमचाच आहे.

या मार्गाची किंमतही होती. बचावासाठीं कागद दाखल केल्यामुळें शेवटचें भाषण सरकारपक्षाच्या वांट्यास गेलें. २२ जुलैच्या रात्रीं ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरविलें. सहा वर्षें काळें पाणी आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. ती मंडालेस भोगावी लागली. निकालानंतर बोलण्याची संधि मिळतांच टिळकांनीं दयेची याचना केली नाहीं. आपण निर्दोष आहों, आणि न्यायासनाहून श्रेष्ठ शक्ति जगाचें नियमन करितात, एवढेंच ते म्हणाले. त्याच न्यायालयांत १९५६ सालीं या उद्गारांची शिला बसविण्यांत आली.

सामान्य आरोपीनें वकील द्यावा, हा नियम यामुळें बदलत नाहीं. पण जेथें शब्द हाच गुन्हा मानला जातो, तेथें त्या शब्दांचा अर्थ सांगण्याचा पहिला अधिकार लेखकाचा. तो अधिकार टिळकांनीं दुसऱ्याकडे सोंपविला नाहीं. आणि ज्यांना मराठी येत नव्हतें अशांपुढें तो बजावावा लागला, हेंच त्या खटल्याचें वैगुण्य होय.