लहानपणचं बिस्किट आणि दुकानाच्या छापाचं बिस्किट

धुळे–सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीहून (जि. जालना) छत्रपती संभाजीनगरला खरेदीला गेलेलं कुटुंब परततं, तेव्हा पिशवीत एखाद्या मोठ्या दुकानसाखळीच्या स्वतःच्या छापाचा बिस्किटपुडा असू शकतो. घरातली मोठी माणसं लगेच म्हणतात, "आमच्या लहानपणीची चव याला नाही!" मधल्या सुट्टीत स्वस्त पुडा उघडणाऱ्या मुलालाही असंच काही ऐकावं लागतं. म्हणून या निकालामागे पुरावा किती, हे तपासायला हवं.

आधी थोडा इतिहास पाहू. मोहनलाल चौहान यांनी 1929 मध्ये विलेपार्ल्याला गोळ्या-मिठायांचा कारखाना काढला. दहा वर्षांनी तिथे बिस्किटं होऊ लागली. तोवर बिस्किट म्हणजे बहुतांशी साहेबाच्या चहासोबतची महागडी वस्तू होती. 'पारले ग्लुको'मुळे ते सामान्यांच्या बशीत आलं. पुढे अनेकांनी ग्लुकोज बिस्किटं काढली आणि 1980 च्या दशकात मूळ बिस्किटाचं नाव 'पारले-जी' झालं. म्हणजे एकाच जातीच्या बिस्किटांतली ही स्पर्धा जुनीच आहे. दुकानाचा छाप हा तिच्यातला नवा गडी.

पण लहानपणचं बिस्किट तरी तसंच राहिलं आहे का? पूर्वी बिस्किटांत वनस्पती तूप सर्रास वापरलं जाई. त्यातली ट्रान्स मेदाम्लं हृदयाला घातक ठरली आणि 2022 पासून भारतात खाद्यतेल-तुपात त्यांची मर्यादा 2 टक्क्यांवर आली. आजच्या पुड्यांवर बहुधा पामतेलाचं नाव दिसतं. स्निग्ध पदार्थ बदलला, की खुसखुशीतपणा बदलू शकतो. शिवाय खाणाऱ्याचं वय आणि भूकही तीच राहिलेली नाही. तेव्हा आठवणीतल्या बिस्किटाशी तुलना करताच येत नाही. समोरच्या दोन बिस्किटांची मात्र करता येते.

तिची रीत इंग्लंडमध्ये एका चहाच्या कपावरून सापडली. 1920 च्या दशकात रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, की कपात आधी दूध घातलं की चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी यावरून आठ कपांचा प्रयोग मांडला: चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या, क्रम सरमिसळ. आठांतून चार निवडण्याच्या रीती 70 असतात. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता 70 त 1. फिशर यांच्या 1935 च्या पुस्तकात हा प्रयोग आहे. बाईंचा निकाल मात्र त्यांनी दिलेला नाही. त्यांना पद्धत सांगायची होती.

हाच प्रयोग वर्गात करून पहा. दोन्ही पुड्यांतली चार-चार बिस्किटं घ्या. बिस्किटावर नाव कोरलेलं असतं, म्हणून तुकडे करा. वाढणाऱ्यालाही कोणता तुकडा कुठला हे माहीत नसावं. दर तुकड्यानंतर घोटभर पाणी प्यायला द्या. आठांपैकी सहा बरोबर आले तर हुरळून जाऊ नका. सहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता नुसत्या अंदाजानेही 70 त 17 आहे. आणि वर्गात 70 मुलं असतील, तर एखाद्याला केवळ योगायोगानेही पूर्ण यश मिळेल. त्याची परीक्षा पुन्हा घ्या.

फरक कळला, तरी अमुक बिस्किट 'चांगलं' हे त्यातून सिद्ध होत नाही. फरक कळलाच नाही, तर स्वस्त पुड्याला हिणवणारे निदान चवीचं कारण तरी पुढे करू शकणार नाहीत.