दिल्लीच्या दारूगोळाखान्याचा शेवटचा दिवस

दिल्लीत लोथियन रोडच्या मधोमध, कश्मिरी दरवाजाच्या पोस्टाजवळ, दोन जुन्या वेशी उभ्या आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रागाराचं एवढंच शिल्लक आहे. १८०३ मध्ये जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेला हरवून दिल्ली घेतली आणि पुढे शहराच्या तटाच्या आत, यमुनेच्या अंगाला, कंपनीने तोफा, बंदुका आणि काडतुसांचा प्रचंड साठा केला. सरसेनापती चार्ल्स नेपियरने भर वस्तीतल्या या साठ्याला हरकत घेतल्यावर दारूचा मोठा भाग शहराबाहेर, छावणीच्या बाजूला हलवला गेला. तरी आत उरली तीही थोडीथोडकी नव्हती.

१० मे १८५७, संध्याकाळ. मेरठच्या शिपायांनी हत्यार उचललं. रातोरात त्यांनी दिल्लीची वाट धरली. दिल्लीत गोऱ्यांची एकही पलटण नव्हती.

११ मे, सकाळी ७ ते ८. कंपनीचा अधिकारी सर थिओफिलस मेटकाफ धावतपळत शस्त्रागारात आला. यमुनेवरचा होड्यांचा पूल रोखायला त्याला दोन तोफा हव्या होत्या. नदीकडच्या बुरुजावर चढून पाहिलं, तर मेरठचे स्वार पूल ओलांडतच होते. तोफांचा विचार तिथेच सोडून द्यावा लागला.

त्यानंतरचा तासाभराचा वेळ. शस्त्रागाराचा प्रमुख लेफ्टनंट जॉर्ज विलोबी. त्याच्यासह गोरे अवघे नऊ. त्यांनी दरवाजे लावून घेतले आणि आतल्या बाजूला सहा पौंडी तोफा दुप्पट छर्रे भरून, पेटत्या बत्त्यांसह रोखल्या. हाताखालच्या हिंदी माणसांना बंदुका दिल्या. त्यांनी त्या नाराजीनेच घेतल्या. मग अंगणातून दारूकोठारापर्यंत दारूची रेघ ओढली. खूण ठरली: विलोबीने हुकूम दिला की नऊ जणांपैकी कंडक्टर हुद्द्याच्या बकलीने डोक्यावरची टोपी उचलायची आणि स्कलीने बत्ती लावायची. म्हणजे शस्त्रागार उडवायचं हे सकाळीच ठरलं होतं. शस्त्रागाराच्या तटाला लागून वस्ती आहे हे त्या नऊ जणांना रोज दिसत होतं. त्यांच्या धैर्याबद्दल बोलताना ही गोष्ट मला बाजूला ठेवता येत नाही.

दुपारच्या सुमारास. मुघल बादशहाच्या नावाने किल्ल्यातून निरोप आला: शस्त्रागार ताब्यात द्या. आतून उत्तर गेलं नाही. थोड्या वेळाने शिड्याच आल्या आणि तटाला लागल्या. त्या शिड्यांचा पहिला उपयोग आतल्या माणसांनी केला. शस्त्रागारातले हिंदी कामगार शेडांच्या उतरत्या छपरांवर चढले, तटावर पोचले आणि त्याच शिड्यांनी बाहेर उतरून गेले. आत फक्त नऊ जण उरले.

मग गोळीबार. आतून तोफा पुन्हा पुन्हा भरल्या जात होत्या. ते काम नऊ जणांतले फॉरेस्ट आणि बकली करत होते. तटावरून बंदुका झडत होत्या. फॉरेस्टच्या हाताला गोळ्या लागल्या, बकलीच्या दंडाला. तोफा भरायला आता कोणी उरलं नाही.

दुपारी साडेतीन. बकलीने टोपी उचलली. स्कलीने बत्ती लावली. भिंती कोसळल्या. तटावरचे शिपाई गेले, गल्ल्यांत गर्दी करून उभे असलेले दिल्लीकरही गेले. स्कली मेला. विलोबी वाचला, पण पुढे मेरठच्या वाटेवर मारला गेला. फॉरेस्ट, बकली आणि नऊ जणांतलाच रेनर यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रेनर तेव्हा ६१ वर्षांचा होता.

एवढं करूनही बंडवाले निःशस्त्र झाले नाहीत. शहराबाहेर हलवलेली दारू त्यांच्या हाती लागली आणि आवारातल्या तोफाही पुष्कळशा शाबूत राहिल्या. त्याच्या बळावर दिल्ली सप्टेंबरपर्यंत लढली. १६ सप्टेंबरला इंग्रजांनी भगदाड पाडलेल्या भिंतीतून शस्त्रागार परत घेतलं, तेव्हा त्यांना आत तोफा सापडल्या.

१८८८ मध्ये सरकारने वेशीवर नऊ जणांच्या स्मरणार्थ फलक लावला. त्यात हल्ला करणाऱ्यांना बंडखोर म्हटलं होतं. स्वातंत्र्यानंतर खाली दुसरा फलक आला: ते परकीय सत्ता उलथू पाहणारे कंपनीच्या फौजेतले हिंदी शिपाई होते, असं त्यावर नोंदवलं आहे. ती दुरुस्ती गरजेचीच होती. पण साडेतीन वाजता गल्लीत उभ्या असलेल्या, कोणत्याच फौजेत नसलेल्या माणसांसाठी तिथे अजून एका फलकाची जागा आहे, आणि पुरातत्त्व खात्याने तो लावावा.