मुंबईहून गेलेला एक निबंध आणि दोन परीक्षक

शोधनिबंध छापण्याआधी तो जाणकारांकडून तपासून घ्यायचा, ही पद्धत आज सगळ्या विज्ञान-नियतकालिकांत रूढ आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीने असे लेखी अभिप्राय मागवायला १८३२ मध्ये सुरुवात केली. पण अभिप्राय देणाऱ्याची जबाबदारी नेमकी काय? या प्रश्नासाठी मला मुंबईशी जोडलेलं एक प्रकरण फार बोलकं वाटतं.

जॉन जेम्स वॉटरस्टन हे १८११ साली एडिंबरोत जन्मलेले इंजिनिअर. रेल्वेच्या मोजणीचं काम केल्यावर ते मुंबईला आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल कॅडेटांना शिकवू लागले. बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते, त्याच काळातली ही मुंबई. नोकरी सांभाळून वॉटरस्टन यांनी वायूंवर एक मोठा निबंध लिहिला. तो डिसेंबर १८४५ मध्ये कॅप्टन ब्यूफर्ट यांच्यामार्फत रॉयल सोसायटीत दाखल झाला.

उष्णता म्हणजे एक प्रवाही पदार्थ, असं तेव्हा बहुतेकांना वाटे. वॉटरस्टन यांचं म्हणणं वेगळं होतं. वायू म्हणजे सतत धावणारे, एकमेकांवर आपटणारे सूक्ष्म कण. भिंतींवर त्यांचे जे धक्के बसतात तोच दाब, आणि त्यांच्या वेगाच्या वर्गाची सरासरी हेच तापमानाचं माप. दोन वायू मिसळले तर जड कण हळू आणि हलके कण जलद धावतील, आणि ते नेमक्या कोणत्या प्रमाणात, हेही त्यांनी मांडलं होतं. आज हे कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवतात.

निबंध दोघांकडे गेला. एक होते ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक रेव्हरंड बेडन पॉवेल (स्काउट चळवळीच्या संस्थापकाचे वडील). दुसरे सर जॉन लबक, पेशाने बँकर, पण भरती-ओहोटी आणि खगोलगणित यांतले मान्यवर अभ्यासक. पॉवेल यांनी लिहिलं, की लेखकाचं कौशल्य मोठं आहे, निरीक्षणांशी पुष्कळ मेळही बसतो, पण मूळ गृहीतक मान्य करणं अवघड आहे. लबक यांचा शेरा मात्र असा, की हा निव्वळ मूर्खपणा असून सोसायटीपुढे वाचायच्याही लायकीचा नाही.

५ मार्च १८४६ रोजी निबंध वाचला गेला. त्याचा छोटा सारांश तेवढा छापला. नियमाप्रमाणे हस्तलिखित सोसायटीच्या मालकीचं झालं आणि दप्तरात गेलं. वॉटरस्टन यांनी स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती. पुढे क्लाउझियस यांनी १८५७ मध्ये आणि मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये हाच विषय मांडला आणि श्रेय त्यांच्याकडे गेलं. वॉटरस्टन जून १८८३ मध्ये एडिंबरोत घराबाहेर पडले, ते परत आले नाहीत.

१८९१ मध्ये सोसायटीचे सचिव लॉर्ड रॅले यांना वॉटरस्टन यांच्याच एका नंतरच्या लेखात या निबंधाचा उल्लेख सापडला. त्यांनी तो दप्तरातून बाहेर काढला आणि १८९२ मध्ये प्रस्तावनेसह छापला. निबंध वेळेवर न छापल्यामुळे हा विषय दहा-पंधरा वर्षं मागे पडला असावा, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. शिवाय हा डॅनियल बर्नूली यांच्या जुन्या कल्पनेचा विस्तार आहे, असं लेखकाने म्हटलं असतं तर परीक्षकाची 'मूर्खपणा' म्हणायची हिंमत झाली नसती, असंही ते सुचवतात. म्हणजे वजन युक्तिवादाला नाही, नावाला होतं.

माझ्या मते इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. परीक्षकाचं मत चुकणं हा नीतीचा दोष नाही. तेव्हाच्या ज्ञानानुसार पॉवेल यांची शंका प्रामाणिक होती, आणि त्यांनी कारण दिलं, गुणही नोंदवले. त्यांच्याशी वाद घालता आला असता. लबक यांच्या शेऱ्याशी वाद तरी कसा घालणार? 'मला पटत नाही' आणि 'हे चूक आहे' यांतला फरकच तिथे पुसला गेला.

आणखी एक. निबंधात एक खरी चूक होती. वायूच्या दोन विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर ५/३ यायला हवं, ते आकडेमोडीच्या घसरणीने ४/३ आलं होतं. रॅले यांनी परीक्षकांचा जो मजकूर उद्धृत केलाय, त्यात या आकड्याचा उल्लेख नाही. पाया नाकारताना गणित तपासायचं राहून गेलं, असंच त्यावरून दिसतं. ड्रॉइंग नापास करताना कुठलं माप चुकलं ते लिहायचं, हा आम्हा इंजिनिअरांचा साधा नियम. तो इथेही लागू पडतो.

तिसरी जबाबदारी संस्थेची. नाकारलेलं लिखाण लेखकाला परत मिळालं पाहिजे. मुंबईत बसलेल्या माणसाला लंडनच्या दप्तरातला कागद मिळणार कसा?

आपल्या मंडळातही एकमेकांची टिपणं आपण वाचतो. एखाद्या सभासदाचं वंशावळीवरचं किंवा शिलालेखावरचं मत विचित्र वाटलं, तर शेरा मारण्याआधी त्याचा पुरावा ओळीनं तपासावा. विषय आपला नसेल तर तसं सांगून ते दुसऱ्याकडे द्यावं. नकार द्यायचा तर कारणासह द्यावा. आणि कागद परत करावा.