मागाच्या कारखान्यातून आलेली गाडी

इचलकरंजीत राहणाऱ्याला मागाच्या खडखडाटाचे काही वाटत नाही. उलट वीज गेली आणि माग थांबले, की चुकल्याचुकल्यासारखे होते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावाचे बरेवाईट त्या आवाजाशीच बांधलेले आहे. त्यामुळे सुझुकी ही मोटारींची कंपनी मुळात माग बनवणारी होती असे वाचले, तेव्हा प्रवासात भेटलेल्या परक्या माणसाचे आजोळ आपल्याच गावचे निघावे तसे वाटले.

वाचायला निमित्त झाले एका मृत्युवार्तेचे. २५ डिसेंबर २०२४ रोजी ओसामू सुझुकी वयाच्या ९४ व्या वर्षी वारले. आमच्या दारात १९९७ पासून मारुती ८०० उभी आहे. म्हणजे या गृहस्थांचा आमच्या घराशी संबंध पाव शतकाहून जुना! इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे स्वस्थ बसवेना. मिळेल ते वाचले. सध्या नागोयाला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने हामामात्सु शहरातल्या सुझुकीच्या संग्रहालयात जाऊन फोटो पाठवले. त्यात जुन्या मोटारींबरोबर लाकडी मागही आहे. त्या सगळ्यावरून हे टिपण.

मिचिओ सुझुकी यांचा जन्म १८८७ चा, हामामात्सुजवळच्या एका खेड्यातला. मुलखात कापूस पिकायचा आणि घरोघर कापड विणले जायचे. मिचिओ सुतारकाम शिकायला एका कारागिराकडे राहिले आणि तिथेच मागाच्या कामात पडले. १९०९ साली त्यांनी स्वतःचा कारखाना काढला, तोही रेशमाचे किडे पाळण्याच्या शेडमध्ये. पहिला माग त्यांनी आपल्या आईसाठी बनवला असे सांगतात. पुढे धंदा वाढला, १९२० मध्ये रीतसर कंपनी झाली, आग्नेय आशियात नेसतात त्या सारोंग विणण्याचे खास मागही तिथून परदेशी जाऊ लागले.

पण मागाच्या धंद्याची एक अडचण आमच्या गावाला चांगली ठाऊक आहे. चांगला माग एकदा घेतला की मालकाचा मुलगाही त्यावरच विणतो. गिऱ्हाईक परत येणार कधी? शिवाय कापडाचा बाजार पडला की मागाला कोणी विचारत नाही. मिचिओंनी हे ओळखले. १९३७ मध्ये त्यांनी मोटारीचा नाद घेतला. इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी विकत आणून पूर्ण खोलली आणि तिच्यावरून शिकत दोन वर्षांत आपले नमुने तयार केले. तेवढ्यात युद्ध आले. सरकारने प्रवासी मोटारी अनावश्यक ठरवल्या आणि ते काम बासनात गेले.

युद्धानंतर पुन्हा माग. १९५१ मध्ये कापसाचा बाजार कोसळला आणि कंपनी पार अडचणीत आली. त्यातून तिला बाहेर काढले एका सायकलने. १९५२ मध्ये सुझुकीने सायकलला जोडायचे ३६ सीसीचे इंजिन काढले, नाव 'पॉवर फ्री'. पाहिजे तेव्हा पेडल मारा, पाहिजे तेव्हा इंजिनावर चला. दोन वर्षांत मोटारसायकली जोरात निघू लागल्या, १९५४ मध्ये कंपनीच्या नावात मोटार आली आणि १९५५ मध्ये 'सुझुलाइट' ही पहिली गाडी आली. इंजिन ३६० सीसीचे, म्हणजे आपल्या आजच्या एखाद्या बुलेटच्या आसपास. ते पुढच्या चाकांना जोडलेले.

टोयोटाचा उगमही मागातच आहे. ओतकाम, लेथ, अचूक दाते पाडणे, हजार वेळा तीच हालचाल न चुकता करणारे यंत्र बनवणे, हे सगळे ज्याला येते त्याला इंजिन फार परके नसणार. आमच्या कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतही मोटारींचे भाग ओतले जातातच की.

आता थोडे कुटुंबपुराण. मिचिओंनंतर १९५७ मध्ये कंपनी आली ती त्यांच्या जावयाकडे, शुन्झो यांच्याकडे. आणि ओसामू हे शुन्झो यांचे जावई. मूळचे आडनाव मात्सुदा, आधी बँकेत नोकरीला. जपानमध्ये चालवायला वारस नसेल तर जावयालाच दत्तक घेतात आणि तो सासऱ्याचे आडनाव लावतो. आपल्याकडे घरजावई म्हटले की लोक गालातल्या गालात हसतात. तिकडे घरजावयाने चाळीस वर्षांहून अधिक काळ कंपनी चालवली! (आमचे जावईबापू हे वाचतात, त्यांनी फार मनावर घेऊ नये.)

ओसामू १९७८ मध्ये अध्यक्ष झाले. काटकसरीबद्दल त्यांची ख्याती होती. लहान, कमी, हलके, आखूड आणि नेटके अशी पाच शब्दांची शिकवणच कारखान्यात होती. १९७९ मध्ये त्यांनी अल्टो आणली, किंमत ४ लाख ७० हजार येन, सगळ्या जपानात एकच. स्वस्ताईची एक युक्ती पाहण्यासारखी आहे. प्रवासी गाडीवर कर होता, मालाच्या छोट्या गाडीवर तो नव्हता. म्हणून अल्टोची नोंद मालगाडीच्या वर्गात केली आणि मागची सीट नावापुरती ठेवली. घरातली बाजारहाट करणारी बाई किंवा छोटा दुकानदार, यांना मागची सीट लागते किती? त्यांना रोज काय लागते ते ठेवले आणि बाकीचे काढून टाकले. ही गाडी अफाट खपली.

भारताची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. संजय गांधींची मारुती लिमिटेड १९७१ ची, ती गाडी काही रस्त्यावर आली नाही. ते १९८० मध्ये गेले, कंपनी सरकारने घेतली आणि १९८१ मध्ये मारुती उद्योग स्थापन झाला. जगातल्या बड्या कंपन्यांशी बोलणी झाली, पण जुळले ते या छोट्या कंपनीशी. करार झाला २ ऑक्टोबर १९८२ रोजी. गांधी जयंतीला, मागवाल्याच्या कंपनीशी! त्याच महिन्याच्या २७ तारखेला मिचिओ सुझुकी वारले, वयाच्या ९५ व्या वर्षी. त्यांनी माग पाहिला, महायुद्ध पाहिले, मोटार पाहिली, आणि जाताना कंपनी भारताच्या दारात पोचली होती.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली दिली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. तोवर आपल्याकडे मोटार म्हणजे अँबॅसडर नाहीतर मुंबईत कुर्ल्याला बनणारी पद्मिनी, आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे. गुडगावच्या कारखान्यात मोठ्या साहेबापासून कामगारापर्यंत एकच गणवेश, एकच कँटीन, आणि सकाळी सगळ्यांनी मिळून व्यायाम. शाळेत राहिलेल्या माणसाला हे वाचून फार बरे वाटते.

आता आमचा अनुभव. शिक्षकांच्या पतसंस्थेचे कर्ज काढून १९९२ ची पांढरी ८०० मी सेकंडहँड घेतली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकलो. सौ.ने पहिल्या दिवशी इंजिन वगैरे काही पाहिले नाही. चार दारे आहेत आणि वर छप्पर आहे, एवढे पाहून म्हणाली, "आता आईंना पावसात वाडीला नेता येईल." संधिवाताने बसलेली माझी आई त्यानंतर दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेली, शेवटच्या वर्षापर्यंत. मोटारीचे मोल मी तरी यावरूनच करतो.

७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, बारा इंची चाके, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. हिवाळ्यात सकाळी चोक ओढावा लागतो आणि सुरू झाल्यावर गाडी थोडा वेळ थरथरते. गावात सोळा-सतराचे मायलेज देते. स्टेअरिंग हाताला इतके हलके, की मारवाडी पेठेसारख्या गर्दीतूनही वळवताना घाम येत नाही. डिकीत मात्र एक गुळाची ढेप आणि दोन पिशव्या, संपले. आमचे मिस्त्री म्हणतात, "सर, हिला काय हुतंय? पान्यांचा एक सेट असला की पुरतंय." आणि भाग कुठेही मिळतो, अगदी आंबोलीच्या घाटाखालीसुद्धा.

घरातल्या बाकीच्यांची मते वेगळी. दादरचे आमचे मेव्हणे कट्टर पद्मिनीवाले. त्यांच्या गाडीचे दार लावले की 'धप्प' व्हायचे, आमच्या गाडीचे 'टप्'. "हा पत्र्याचा डबा," असे ते दर भेटीला म्हणायचे. पुण्याच्या मुलीकडे वॅगन आर आहे. ही गाडी जपानमध्ये १९९३ ला आली, आपल्याकडे १९९९ ला. उंच असल्यामुळे सौ.ला गुडघे न वाकवता नुसते बसायचे आणि पाय आत घ्यायचे. साडी नेसणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या बाईचा विचार हामामात्सुत कोणी केला असेल का? केला नसला तरी उपयोग झाला खरा.

मेव्हण्यांच्या 'टप्'कडे मात्र मला पुढे वळून पाहावे लागले. जानेवारी २०१४ मध्ये, ज्या महिन्यात ८०० चे उत्पादन थांबले त्याच महिन्यात, ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या आदळून पाहिल्या. त्यात मारुतीची अल्टो ८०० होती. पाचही गाड्यांना, म्हणजे त्यांच्या एअरबॅग नसलेल्या प्रकारांना, मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्याच वर्षी पुढे स्विफ्टलाही शून्य. मागची सीट लहान करणे ही एक काटकसर. माणूस आणि रस्ता यांच्यामधले पोलाद आणि एअरबॅग कमी करणे ही दुसरी. दोन्ही सारख्या नाहीत. पहिलीत गिऱ्हाइकाला कळते की आपण काय सोडले. दुसरीत ते अपघाताच्या क्षणी कळते.

माणसांच्या बाबतीतही तसेच. एक गणवेश, एक कँटीन असलेल्या त्याच कंपनीच्या मानेसरच्या कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार झाला आणि एका अधिकाऱ्याचा जीव गेला. कंत्राटी कामगारांचे कमी वेतन हा तिथला जुना प्रश्न होता. खटल्यात २०१७ मध्ये ३१ कामगार दोषी ठरले आणि ११७ निर्दोष सुटले. सुटलेल्यांपैकी कित्येकांची तुरुंगातली वर्षे परत मिळाली नाहीत. एकाच कँटीनमध्ये जेवणे चांगलेच, पण जेवून उठल्यावर हातात काय पडते तेही पाहिले पाहिजे.

हे सगळे लिहिले म्हणून ओसामूंबद्दलचा आदर कमी होत नाही. त्यांना २००७ मध्ये पद्मभूषण आणि २०२५ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले, ते योग्यच झाले. मोटार हे श्रीमंतांचे लक्षण असलेल्या देशात एका मास्तराच्या आईला देवाला नेणारी गाडी त्यांनी आणली. आणि चूक सुधारता येते हेही दिसले. २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला त्याच ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. गाडी छोटीच, कंपनी तीच. म्हणजे येत होते, मनावर घ्यायला उशीर झाला. कायद्याने थोडे ढकललेही.

आमच्या पिढीने काटकसर हा सद्गुण मानला. खडू संपेपर्यंत लिहायचे, वहीचे कोरे कागद काढून शिवायचे, तूप मोजून वाढायचे. त्यात काही वावगे नव्हते, कारण जी झळ लागायची ती आपल्याला. झळ दुसऱ्याला लागणार असेल, तर तिला काटकसर म्हणू नये.

असो. आमची ८०० अजून चालते. मुलगा दर दिवाळीला म्हणतो, "बाबा, भंगारात द्या." ते काही माझ्याने होत नाही. भाजी, बँक, दवाखाना, वाडी एवढीच तिची धाव आता. नातवंडे आली आणि पुणे-बंगळूर हायवेला लागायचे असले, की मी मुलीच्या गाडीची वाट बघतो. मिस्त्री हसतात. हसोत बापडे.