सुरुंगाची पुडी आणि साय काढलेलं दूध

अर्धा किलो वाळलेला मका, दीड लिटर पाणी आणि पानाला लावायचा चुना छोटा चमचाभर. पातेलं स्टीलचं घ्यायचं, ॲल्युमिनियमचं नको, कारण चुना ते खातो. अर्धा-पाऊण तास उकळून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी पाणी पिवळंजर्द झालेलं असतं. दाणा चिमटीत धरून चोळला की भिजवलेल्या बदामासारखं वरचं साल सुटून येतं. वास ओल्या मातीचा आणि चुना मारलेल्या भिंतीचा, दोन्ही एकत्र. हे दाणे चार-पाच पाण्यांत धुऊन पाट्यावर वाटले की जो गोळा होतो, तो थापताना तुटत नाही. मक्याचं कोरडं पीठ कितीही कढत पाण्यात मळलं तरी भाकरी कडेला चिरते. हा गोळा मात्र अंगचाच चिकट असतो. त्याची पातळ टॉर्टिया तव्यावर फुगते आणि दुमडली तरी मोडत नाही.

टाको म्हणजे मुळात ही दुमडलेली टॉर्टिया. आत काय भरलंय, हा पुढचा प्रश्न. हे आधीच सांगून टाकते, कारण सध्या मोबाइलवर जो ‘हाय-प्रोटीन टाको’ घरोघरी पोचलाय त्यात मक्याचा दाणासुद्धा नसतो. पावकिलो कॉटेज चीज आणि दोन अंडी मिक्सरमधून फिरवायची, ट्रेवर पातळ पसरायची, ओव्हनमध्ये अर्धा तास भाजायची आणि तयार झालेल्या पोळीत भाजी किंवा चिकन भरून दुमडायची. करायला सोपं, पोटाला आधार देणारं. चाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं एका भाजणीत मिळतात. मी ते केलंय आणि आवडीने खाल्लंयही. पण करताना सारखं वाटत राहिलं की या एका पोळीत दोन फार लांबच्या वाटा येऊन मिळाल्यात. एक मेक्सिकोच्या खाणींतून आलेली, दुसरी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या गोठ्यातून.

पहिली वाट जुनी आहे. नैऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या एका रानगवतापासून माणसाने मका घडवला. पुढे कधीतरी तिथल्या बायकांनी तो राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात उकळायला सुरुवात केली. नाहुआत्ल भाषेत राखेला ‘नेश्तली’ म्हणतात. त्यावरून या क्रियेचं आणि अशा मक्याचं नाव पडलं निश्तमल. दाणे वाटायचा दगड म्हणजे मेटाटे, आपल्या पाट्याचा सख्खा भाऊ, फक्त त्याला पाय असतात. भाजायचा तवा म्हणजे कोमाल. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तिथल्या लोकांकडून जी माहिती लिहून घेतली, तिच्यात बाजारात टॉर्टिया विकणाऱ्यांचं आणि त्यांच्याकडच्या नाना प्रकारांचं वर्णन आहे.

चुन्याने साल निघतं एवढंच असतं तर मी त्यावर इतकं लिहिलं नसतं. मक्यात नियासिन हे जीवनसत्त्व असतं, पण ते बांधलेल्या अवस्थेत, शरीराला न लागणारं. चुना ते मोकळं करतो आणि वर कॅल्शियमही देतो. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. चुन्याची रीत मात्र मेटाट्याशी बसणाऱ्या बायकांकडेच राहिली. त्याची किंमत गरिबांनी मोजली. स्पेनमधल्या आस्तुरियास भागात १७३५ साली गास्पार कासाल या वैद्याने कातडी खरबरीत आणि लाल पडणाऱ्या एका रोगाची नोंद केली. पुढे उत्तर इटलीत मक्यावर जगणाऱ्या शेतमजुरांमध्ये तोच रोग पसरला आणि त्याला पेलाग्रा हे नाव मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतली राज्यं त्याने पोखरली. तो संसर्गाने होत नाही, आहारातल्या उणिवेने होतो, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या कामातून दाखवलं. आपल्या दख्खनच्या पठारावरही तो होता, ज्वारीवर गुजराण करणाऱ्यांत. हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसीन या प्रथिनघटकाशी त्याचा संबंध मांडला. ज्या रीतीने हजारो वर्षं मक्यावर जगणारी माणसं निरोगी राहिली, ती रीत कुठल्याही ग्रंथात लिहिलेली नव्हती. ती हातात होती.

आणि प्रथिनांचं म्हणाल तर तीही सोय तिथे होतीच. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात एकमेकांच्या आधाराने वाढवायचे, अशा शेताला तिकडे मिल्पा म्हणतात. मक्यात लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी, घेवड्यात भरपूर. दोन्ही एका घासात आले की उणीव भरून निघते. वरण-भातात आणि पिठलं-भाकरीत हेच घडतं. तेव्हा घेवडा भरलेली टॉर्टिया हा पहिला ‘हाय-प्रोटीन टाको’ म्हणायला हरकत नाही. ती ज्यांनी खाल्ली त्यांच्याकडे ना गाय होती ना म्हैस. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी तिथली राजधानी तेनोच्तित्लान जिंकली, त्या सुमारास गुरं आली आणि त्यांच्याबरोबर दूध, चीज, चरबी, गहू.

टॉर्टिया इतकी जुनी असली तरी ‘टाको’ हा शब्द तिच्या मानाने कालचा. इतिहासकार जेफ्री पिल्चर यांनी ‘प्लॅनेट टाको’ या २०१२ च्या पुस्तकात त्याचा माग अठराव्या शतकातल्या चांदीच्या खाणींपर्यंत नेला. खडक फोडायला बंदुकीची दारू कागदात गुंडाळून तिची पुडी दगडातल्या भोकात ठासायचे, त्या पुडीला ‘टाको’ म्हणत. आकाराने तसलंच, आत झणझणीत भरलेलं खाणं कामगार बरोबर नेत. टाकोच्या सुरुवातीच्या नावांपैकी एक आहे ‘ताकोस दे मिनेरो’, म्हणजे खाणकामगारांचे टाको. या शब्दाची दुसरीही व्युत्पत्ती सांगतात. नाहुआत्लमध्ये ‘त्लाको’ म्हणजे अर्धा, मधला. पण मला सुरुंगाची पुडीच पटते. काम करता करता, एका हाताने, ताटाशिवाय खायचा घास तो. आपल्याकडे शेतात भाकरीवरच ठेचा ठेवून ती गुंडाळून खातात, त्यामागे हीच गरज आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाको मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर आला. नेमक्या त्याच काळात तिथल्या शिकलेल्या वर्गाला मक्याची लाज वाटू लागली होती. फ्रान्सिस्को बुल्नेस या लेखक-राजकारण्याने १८९९ मध्ये जगाची विभागणीच केली: गहू खाणारे, तांदूळ खाणारे, मका खाणारे. गहू खाणारे पुढे गेलेले, मका खाणारे मागे राहिलेले, असा त्याचा निष्कर्ष. बाजरी-ज्वारीच्या भाकरीला गरिबीची खूण मानून पाहुण्यांपुढे गव्हाची पोळीच ठेवणारी घरं आपण पाहिली आहेत, म्हणून हे वाचताना मला दूरदेशीचं वाटलं नाही. त्याच मक्याच्या भोवती उभ्या राहिलेल्या मेक्सिकन पाकपरंपरेला युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला.

टाकोचं अमेरिकेतलं पुढचं आयुष्य थोडक्यात. आधी तळून कडक केलेलं कवच आलं. ते करायच्या साच्याचं पेटंट न्यूयॉर्कमधल्या हुवेन्सियो माल्दोनादो या मेक्सिकन उपाहारगृहवाल्याला १९५० मध्ये मिळालं. १९६२ मध्ये ग्लेन बेल याने कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे पहिलं टाको बेल उघडलं. कवच आधीच तयार असल्यामुळे टाको ज्याला टॉर्टिया येत नाही अशा माणसाच्याही हातचा झाला. मका होता, पण चुना, पाटा आणि थापणारा हात नजरेआड झाले.

आता दुसरी वाट. इथे मात्र मला सगळं ओळखीचं वाटतं. अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या घरी दुधावरची साय काढून लोणी व्हायचं, ते विकायचं. खाली उरलेलं पातळ दूध टाकून कोण देणार? ते चुलीजवळ आंबट होऊ द्यायचं, दही फुटलं की फडक्यात टांगायचं, मीठ घालून खायचं. कॉटेज म्हणजे झोपडीवजा घर, तिथलं हे चीज. आपल्या आयाही साय साठवून तूप कढवत आल्या. खालच्या दुधाचं आपण दही लावलं, ताक केलं, कढी केली. सुरुवात एकच, पण त्यांनी निवळी गाळून टाकली आणि आपण ती पीत राहिलो.

सरकारने या चीजकडे पहिल्यांदा लक्ष दिलं ते पहिल्या महायुद्धात. मांस सैन्यासाठी हवं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने भित्तिपत्रकं छापली: कॉटेज चीज जास्त खा, मांस कमी लागेल. आजच्या प्रथिनांच्या जाहिराती मी जेव्हा बघते तेव्हा मला तेच पत्रक आठवतं, शंभर वर्षांत मजकूर फारसा बदललेला नाही. पुढे युद्ध संपलं आणि हे चीज वजन कमी करणाऱ्यांच्या ताटात गेलं. पाव नसलेला बर्गर, डबाबंद फळाची फोड आणि कॉटेज चीजचा गोळा, या ताटाला उपाहारगृहांत ‘डाएट प्लेट’ म्हणत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन माणूस सरासरी वर्षाला पाच पौंडांच्या आसपास कॉटेज चीज खात होता. ८ ऑगस्ट १९७४ रोजी, राजीनाम्याचं भाषण केलं त्या दिवशी, रिचर्ड निक्सन यांनी व्हाइट हाऊसमध्ये घेतलेल्या जेवणाचं छायाचित्र उपलब्ध आहे. अननसाच्या चकत्या, मध्ये कॉटेज चीज, शेजारी दुधाचा पेला. त्यानंतर दह्याने, म्हणजे गोड, फळं घातलेल्या योगर्टने, ते मागे सारलं. कॉटेज चीजच्या दाणेदारपणाला लोक कंटाळले होते. २०२३ च्या सुमारास ते परत आलं आणि त्याचं श्रेय मिक्सरला जातं. फिरवून गुळगुळीत केलं की त्याचं आइस्क्रीम होतं, सॉस होतो, पोळी होते आणि त्या पोळीचा टाको.

म्हणजे कॉटेज चीज दर वेळी दुसऱ्या कुणाच्या जागी बसवलं गेलं. आधी मांसाच्या, मग चरबीच्या, आता मक्याच्या. स्वतःच्या चवीसाठी त्याला क्वचितच बोलावलं गेलं. मेक्सिकोत मात्र तसं झालं नाही. तिथे चीजच्या निवळीपासून केलेला रेकेसोन नावाचा मऊ, रवाळ चीजचा प्रकार मक्याच्या टॉर्टियात भरून ती तळतात, वर साल्सा आणि कोबी. तो टाको कुणाचीही जागा घेत नाही. तो गरीब घरातलाच, आणि फार चवदार.

आपल्याकडे या विषयात एक घोटाळा आहे, तो निस्तरायला हवा. आपल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर पनीरला सर्रास कॉटेज चीज लिहितात. दोन्ही वेगळी. पनीर उकळत्या दुधात लिंबू किंवा व्हिनेगर घालून होतं, मग ते दाबून वडी पडते. त्यात स्निग्धांशही भरपूर असतो. कॉटेज चीज विरजणाने लागतं, कापलं जातं, हळू तापवून धुतलं जातं आणि सुटं राहतं. अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी घरात मटार-पनीरसाठी दुकानातून कॉटेज चीजचा डबा आणला जातो आणि रश्शात त्याचा चुरा होतो, तो याचमुळे. उलट इथे बसून त्या पोळीची कृती पनीरने केली तर मिक्सरमध्ये कोरडा गोळा फिरत राहतो. दीडशे ग्रॅम पनीरला शंभर ग्रॅम दही घातलं की काम होतं.

खरं कॉटेज चीज घरी अवघड नाही. साय काढलेल्या दोन लिटर गायीच्या दुधाला ताजं विरजण लावून घट्ट दही होऊ द्यावं. पातेल्यातच सुरीने उभे-आडवे छेद देऊन चौकोनी फोडी कराव्यात. मग अगदी मंद आचेवर, बोट घालवेल पण ठेववणार नाही इतकं तापवावं. फोडी आक्रसतात, हिरवट निवळी सुटते. मलमलच्या फडक्यात गाळून थंड पाण्याने धुतलं की आंबटपणा उतरतो. मीठ आणि दोन चमचे साय मिसळली की झालं. निवळी कणीक मळायला ठेवावी. शंभर ग्रॅममध्ये साधारण अकरा ग्रॅम प्रथिनं मिळतात.

आता माझं मत. कॉटेज चीज आत भरा, बाहेर मका राहू द्या. घरी मी तीन टॉर्टियांवर वाटीभर शिजवलेला वाघ्या घेवडा घालते. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला हा घेवडा आज भौगोलिक मानांकन मिळवून बसलाय, पण त्याचं कूळ अमेरिका खंडातलं, मिल्पातल्या घेवड्याचंच. त्यावर शंभर ग्रॅम कॉटेज चीज, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू. टोमॅटो हा शब्द नाहुआत्लमधून आलेला, आणि मका-मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आल्याचं मानतात. या तीन टाकोंतून पंचवीस ते तीस ग्रॅम प्रथिनं पोटात जातात. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला पन्नासएक ग्रॅम लागतात, त्यातली निम्मी इथेच झाली. टॉर्टिया आदल्या रात्री करून फडक्यात ठेवल्या असतील तर सकाळी दहा मिनिटांत डबा भरतो.

वाळलेला मका धान्याच्या दुकानात मिळतो, मात्र तो देशी, पिठाचा घ्या. स्वीट कॉर्न किंवा लाह्यांचा चालत नाही. चुना खाण्याचाच हवा. एकदा रात्री भिजत घाला आणि सकाळी एक दाणा चिमटीत धरून बघा.